समुद्राकाठची पिवळी टाचणी

बंदराच्या गावात ताडपत्री शिवणाऱ्या कारखान्यातलं एक मशीन जेवणाच्या सुट्टीनंतर सुरूच झालं नाही. सुई जाड कापडात अर्धी रुतून राहिली होती.

*

वकिलाने निमंत्रणाचा मजकूर सांगता सांगता टायपिस्टला थांबवलं. "'आपले दुर्मीळ आडनाव' असं लिहा. 'दुर्मीळ' ठळक करा. त्यातच सगळी गंमत आहे."

*

आत्याने विणलेली बाही उसवली आणि वाढीव टाके घालून पुन्हा सुरुवात केली. लहान मुलं वाढतात हे ती दर वेळी विसरायची.

*

बस आली, थांबली, निघून गेली. थांब्यावरचा माणूस जागचा हलला नाही. समोर वाचनालयाच्या फाटकावर एक फलक होता आणि त्यावर एकच आडनाव, हातभर उंच अक्षरांत.

*

लिफ्टच्या टपावर उकिडवी बसून थोरली ब्रेकची पट्टी बोटाने चाचपत होती. खिशातला फोन वाजत राहिला. हात ग्रीसने माखलेले होते. नंतर बघू, असं ती म्हणाली.

१. दोर नंतर तुटतो

थोरलीच्या बहिणीला, धाकटीला, कोणी मारलं हे शोधायचं नव्हतंच. तिचा घटकेत माया आणि घटकेत लाथ देणारा, कायद्याने दूर झालेला नवरा स्वतःच चौकीत जाऊन बसला होता. धाकटी दुपारी जेवायला खोलीवर आली, तो जिन्यात उभा होता. तिचं बाळ खाली घरमालकिणीकडे झोपलं होतं, म्हणून वाचलं. पोलिसांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं.

थोरलीच्या दृष्टीने ते तिथून सुरू झालं.

कोसळलेल्या लिफ्टचा तपास हा तिचा धंदा. लिफ्ट पडली की लोक म्हणतात, दोर तुटला. सबंध नोकरीत थोरलीने दोर सगळ्यांत आधी तुटलेला पाहिला नव्हता. त्याच्याआधी कुठेतरी काहीतरी झिजलेलं असतं, आणि ते झिजतंय हे कुणाला तरी ठाऊक असतं. तो माणूस सापडेपर्यंत ती जेवायलाही नीट बसत नसे.

धाकटी त्या गावात लपून राहत होती. घटस्फोटानंतर तिने माहेरचं आडनाव परत घेतलं, कारखान्यात काम धरलं आणि अगदी जवळच्यांशिवाय कुणाला पत्ता दिला नाही. घर सोडलं तेव्हा दिवस गेले होते, हेही तिने दडवलं. नवऱ्याला कळलं असतं तर त्याने पोरावर हक्क सांगितला असता. मुलगा झाला. त्याला तिने आपलंच आडनाव लावलं. सगळे त्याला टिल्लू म्हणत.

आता टिल्लू थोरलीच्या कडेवर होता आणि थोरली वडिलांच्या घरात उभी होती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. म्हातारपणीही हात असा स्थिर, की ओळ आखायला दोरी लागत नसे.

"सांग बरं, तुझं पूर्ण नाव काय?" बाबांनी नातवाला विचारलं.

"टिल्लू."

"आणि पुढे? पुढे काय लावायचं?"

टिल्लूने त्यांचा कुंचला तोंडात घालायचा प्रयत्न केला.

"बाबा, त्याला तिचा ठावठिकाणा कुणीतरी दिला," थोरली म्हणाली. "कोर्ट त्याला काय द्यायचं ते देईल. सांगणारा मात्र माझा. त्याला मी सोडणार नाही."

पाटीवरच्या ओळीला एक पोक आला. बाबांनी तो फडक्याने पुसला.

"सोड ना, पोरी. शोधून का गेलेली परत येते?"

२. भेटीची वेळ

मध्ये तुरुंगाची जाळी. पलीकडे तो, अलीकडे ती. एवढंच बोलणं झालं.

थोरली: कुणी सांगितलं तुला?

तो: तुमच्याच लोकांनी.

थोरली: नाव घे.

तो: नावच तर होतं. भिंतीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

थोरली: नीट बोल.

तो: माझ्या पोराला दुसऱ्याचं नाव लावलंत तुम्ही. माझ्या पोराला! मी जिवंत असताना!

थोरली: मुलगा झाला हे तुला कुठून कळलं?

तो: (हसतो) डोकं मोठं होतं.

थोरली: कुणाचं?

तो उठून आत गेला. भेटीची वेळ उरली होती, तरी.

३. भिंत

भिंत वाचनालयाच्या दालनात होती. रविवारी त्यांच्या आडनावाच्या लोकांचं संमेलन भरायचं होतं, त्याच्या महिनाभर आधीपासून प्रदर्शन सर्वांना खुलं होतं. भिंतभर नकाशा. नकाशावर रंगीत टाचण्या.

नकाशा करणारे निवृत्त भूगोलाचे प्राध्यापक. सगळे त्यांना टाचणीसर म्हणत आणि त्यांना ते आवडे. तेही याच आडनावाचे, निळ्या शाखेचे.

"बघा, वरून खाली बघा," सरांनी छडी नदीवरून फिरवली. "आपले मूळ पुरुष नदीवर दोर बांधून तराफा ओढणारे. आडनाव त्या कामावरूनच पडलं. मग त्या ठिकाणी पूल झाला. धंदा बुडाला. चार भाऊ निघाले, ते नदीकाठानेच पुढच्या उतारावर गेले. तिथेही पूल झाला. पुन्हा पुढे! जगात इतरत्र हे आडनाव नाही. पूल पुढे सरकत आला तसं आपलं नाव त्याच्यापुढे पळत राहिलं. चार भाऊ, चार शाखा, चार रंग. लाल, निळा, हिरवा, आणि तुमचा पिवळा."

नदीच्या मुखाशी, अगदी समुद्राकाठी, एकच टाचणी होती. पिवळी. तिचं डोकं शेंगदाण्याएवढं.

थोरलीने त्या टाचणीवर बोट ठेवलं.

"काही टाचण्यांची डोकी मोठी का?"

"ज्या घरात नाव पुढे चालणार ते मोठं डोकं. ज्या घरात मुलीच, म्हणजे नाव थांबणार, ते बारीक." सर थोडे ओशाळले. "वंशशास्त्रात तसंच मोजतात हो. माझा नाइलाज."

थोरलीने बाबांची टाचणी शोधली. पिवळी. डोकं बारीक. ती आणि धाकटी मिळून एक बारीक डोकं.

नकाशाच्या कोपऱ्यात छापलं होतं: 'एकट्या घराची स्वतंत्र खूण केलेली नाही. अशी घरं जवळच्या मोठ्या गावात मिळवली आहेत.' तिने भिंतीवर डोळे फिरवले. खरंच, कुठेही टाचणी एकटी नव्हती. जोड्या, घोळके, झुबके. एकटी फक्त समुद्राकाठची.

"हा नियम कुणी केला?"

"मीच. लोकांचं खाजगीपण जपायला हवं ना."

"मग ही एकटी का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माहिती देणाऱ्यांचा आग्रह होता. वेगळी दाखवा म्हणाले. आणि खरं सांगू? अभ्यास तिथे अडला होता. मुखाशी पात्र इतकं रुंद, की पूल होणं शक्य नाही. माझ्या सिद्धांताप्रमाणे नाव तिथे पोचायलाच हवं. वर्षानुवर्षं सापडत नव्हतं. आणि एके दिवशी सापडलं! रेघ पूर्ण झाली!"

"ती तराफा ओढायला गेली नव्हती, सर. लपायला गेली होती."

सरांना कळायला वेळ लागला. मग ते खुर्ची न बघताच बसले.

"मला फक्त गाव आणि शाखा सांगितली. आणि मुलगा आहे, एवढं. बाई एकटी आहे, पळालेली आहे, हे..."

"कुणी सांगितलं?"

"माहिती देणाऱ्याचं नाव मी फोडत नाही. ते माझं तत्त्व आहे."

"वा! सांगणाऱ्याचं झाकायचं आणि राहणारीचं भिंतीवर लावायचं. झकास तत्त्व आहे."

४. ज्याला गाव माहीत होतं

निळ्या शाखेतला लांबचा चुलतभाऊ वकील. संमेलनाचा अध्यक्ष. धाकटीचा घटस्फोट त्यानेच चालवला, आडनाव परत घेण्याचे कागद त्यानेच केले. कागद पाठवायला त्याच्याकडे गाव होतं.

थोरली टिल्लूला घेऊनच त्याच्या कचेरीत गेली. मुद्दाम.

"ये, बस. काय बोलावं सुचत नाही बघ..." दादा उठला आणि मध्येच अडकला. "हे कोणाचं?"

"ओळख बघू."

त्याने टिल्लूकडे पाहिलं. कान पाहिले, कपाळ पाहिलं. त्याचा पांढराफटक चेहरा कुठल्याही नाटकात शिकवता आला नसता.

"धाकटीचं? आणि मला कुणी बोललं नाही? मी तिचा वकील होतो गं!"

"म्हणूनच. तुला माहीत असतं तर कोर्टात सांगावं लागलं असतं. ती म्हणायची, दादा गोड आहे पण शपथेवर खोटं बोलताना त्याला उचकी लागते."

दादा हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. टिल्लूने टेबलावरचा शिक्का उचलून आपल्या पोटावर उमटवला.

"प्रदर्शन तूच भरवलंस, दादा. एकटी पिवळी टाचणी दिसली नाही तुला?"

"मी उद्घाटनाला भाषण केलं. भिंतीकडे पाठ होती माझी. ती लागलेली असूनही मी पाठ फिरवून बोललो, असंच म्हण ना." त्याने नाक पुसलं. "माझ्यावर संशय आहे का?"

"होता. दारातून आत येईपर्यंत."

५. जिला बाळ माहीत होतं

"मला मेलीला कुणी काही सांगत नाही!" आत्या दार उघडता उघडताच म्हणाली. म्हणजे तिला पुष्कळ माहीत होतं.

टिल्लूला पाहून ती दचकली नाही. सरळ त्याच्या अंगावरचा स्वेटर ओढून बघितला. "हा आखूडच झाला की. तुझ्या बापाला म्हटलं होतं, माप विचारून ये."

"म्हणजे बाळ झाल्याचं तुला माहीत होतं."

"तुझ्या बापाने माझ्यापुढे लोकर आणून टाकली, निळी, बारक्या मापापुरती. रंगाऱ्याला कशाला हवाय एवढासा स्वेटर? मी काय दूधखुळी आहे?" आत्याने टिल्लूचा पापा घेतला. "पण कुठे आहे ते काही बोलला नाही हो. मी किती खोदून विचारलं. पार परदेशात गेली म्हणाला. मी आपली थंडीचं म्हणून दुहेरी लोकर घातली. आणि ही बया समुद्राकाठी! पोराला घामोळं आलं असेल."

"आत्या, खरं सांग. समुद्राकाठी आहे हे तुला कधी कळलं?"

आत्याचे हात थांबले.

"ती गेल्याची बातमी आली तेव्हा, पोरी."

६. बेरीज

थोरलीने लिहून काही काढलं नाही. बाबांच्या घराकडे चालता चालता मनातच मांडलं.

एकट्या टाचणीने दोन गोष्टी सांगितल्या. पिवळी शाखा त्या गावात आहे, ही एक. घरात मुलगा आहे, ही दुसरी. पिवळ्या शाखेत एक म्हातारा आणि दोन मुली, हे त्या नवऱ्याला लग्नापासून ठाऊक. थोरली याच शहरात, डोळ्यांसमोर. मग समुद्राकाठची दुसरी कोण? आणि मोठं डोकं बघून त्याने बोटांवर महिने मोजले असतील. आडनाव जगावेगळं, गाव लहान. पहिल्याच दुकानात विचारलं असेल, त्यांनी खोली दाखवली असेल. आडनाव साधं असतं तर दहा घरं हिंडून परत आला असता.

टाचणी लावायला सांगणाऱ्याला दोन्ही गोष्टी माहीत हव्यात. दादाला गाव माहीत, बाळ नाही. आत्याला बाळ माहीत, गाव नाही. सरांना सांगितलं तेवढंच. दोन्ही माहीत असलेली माणसं दोनच. एक थोरली.

दार उघडंच होतं. बाबा रविवारच्या संमेलनाचा फलक रंगवत बसले होते. आडनावाचं शेवटचं अक्षर राहिलं होतं.

"बाबा, टाचणी वेगळी लावा असं तुम्ही सांगितलंत."

त्यांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला.

"दोन मुलींवर माझं घर थांबलं होतं," ते म्हणाले. "दर संमेलनात माझं आपलं बारीक डोकं. हे लोक म्हणायचे, काका, तुमची शाखा वाळली. हसत म्हणायचे. मग हा आला. तिने आपलं नाव लावलं त्याला. मला कुणाला सांगता येत नव्हतं. एवढा आनंद झाला आणि गिळून बसायचं! सरांना म्हटलं, नाव नका लिहू, पत्ता नका लिहू. फक्त एक टाचणी लावा. मोठ्या डोक्याची."

"आणि जवळच्या गावात का नाही मिळवू दिली?"

"तिथे ती हिरव्यांच्या घोळक्यात गेली असती. दिसली नसती."

"न दिसण्यासाठीच गेली होती ती तिकडे."

"मी रोज जाऊन बघायचो गं भिंतीकडे." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मी तिला मारलं नाही."

"नाही. तुम्ही बोट दाखवलंत."

"मग घे सूड. मी कितीसा पुरणार आहे?"

"तुमच्यावर नाही, बाबा. तुम्ही तसेही जाणारच आहात." थोरली टिल्लूला कडेवर सावरत उठली. "तुमच्यामागे जे उरणार आहे, ते मला हवंय."

७. चाळण

रविवारी माणसं नदीकाठच्या गावोगावाहून आली. फोटो निघाले. ज्याला त्याला आपली टाचणी पोराबाळांना दाखवायची होती.

थोरली नकाशाशेजारी उभी राहिली. भाषण नाही, आरडाओरडा नाही. जो जवळ येईल त्याला ती एवढंच सांगे, "ही पिवळी माझी बहीण. ही टाचणी बघून तिचा नवरा तिला मारायला गेला. तुमची कुठली?"

पहिल्यांदा एक लाल शाखेची बाई पुढे झाली. तिची बहीणही कुणाला तरी टाळून राहत होती. तिने नखाने टाचणी उचकटली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग एका तरुणाने आपली काढली. मग रांगच लागली.

"अहो, थांबा! वर्षांचं काम आहे!" सर आडवे आले.

"मग वर्षं लागतील बुजायला," थोरली म्हणाली.

दादा व्यासपीठावरून उतरला, आपली निळी टाचणी काढून खिशात टाकली आणि ध्वनिक्षेपक बंद केला. जेवणाच्या वेळेपर्यंत नकाशाची चाळण झाली होती. रंग एकही नाही, नुसती भोकं. नदी तेवढी राहिली, छापलेली होती म्हणून. सर भिंतीसमोर छडी घेऊन बसले होते आणि छडीला दाखवायला काही नव्हतं.

शेवटच्या दोन टाचण्या पिवळ्या. मोठ्या डोक्याची थोरलीने स्वतः उपटली. बारीक डोक्याची तशीच ठेवली. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, त्यांना ती बसल्या जागेवरून दिसत होती.

८. गर्दी

नोंदणी कचेरीत बाईंनी विचारलं, "मुलाशी तुमचं नातं?"

"मावशी. आता पालक मीच. कोर्टाचा आदेश जोडलाय."

"आडनाव बदलून कुठलं करायचंय?"

थोरलीने सांगितलं. बाईंनी वर पाहिलं.

"अहो, हे तर माझंही आहे. या रांगेतच चौघांचं निघेल. एवढं वेगळं, छान आडनाव टाकून हे कशाला घेताय?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काय वाईट आहे आमच्यात?" लोक हसले.

"काहीच नाही," थोरली म्हणाली. "म्हणून तर घेतेय."

तिथून ती टिल्लूला घेऊन थेट बाबांकडे गेली. ते दारातच उभे होते, जणू तिची पावलं ओळखून. तिने नवं आडनाव उच्चारलं. एकदाच.

बाबांनी भिंतीला हात टेकला. "घर घे. सगळं घे. पण तेवढं राहू दे. माझ्यानंतर या शाखेचं कुणी नाही गं."

"माहीत आहे."

"त्याला मोठेपणी हवं असेल तर? स्वतःहून?"

"त्याला कळलं तर मागेल. सांगणारं कोण आहे? मी सांगणार नाही. आणि तुम्ही सांगितलंत तर त्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही तुम्हाला."

टिल्लू आजोबांच्या विजारीला लोंबकळला. बाबांनी त्याला उचललं. सवयीने त्यांच्या ओठांवर प्रश्न आला.

"सांग बरं, तुझं पूर्ण नाव..."

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी प्रश्न तिथेच गिळला. दर आठवड्याला ती पोराला घेऊन येणार होती, आणि दर आठवड्याला त्यांना तो गिळायला लावणार होती.

टिल्लू जन्मला त्या सकाळी बंदराच्या दवाखान्यातल्या नर्सने धाकटीला सांगितलं होतं, की आडनावाची जागा रिकामी ठेवली तरी चालते. धाकटीने ती भरली.